आमच्या वन्स माडावर चढतात

आमच्या वन्सनी आयुष्यात हाती घेतलेली एकही गोष्ट अर्धी सोडलेली नाही. सोडली ती फक्त सरकारी नोकरी, आणि तीसुद्धा, त्यांच्याच शब्दांत, "अर्धी नाय, पुरी सोडलंय." मी लग्न होऊन विजयदुर्गाहून कसालजवळच्या या घरात आले, तेव्हा घरात एक थोरली नणंद कायमची राहते हे ऐकून माझ्या आईनं देवाला नारळ बोलून ठेवला होता. वर्षभरात तिनं तो मुकाट्यानं फेडलाही. कारण पहिल्याच वर्षी वन्सनी त्यांच्या भावासाठी, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी, लोकरीचा स्वेटर विणायला घेतला आणि घरातल्या भांडणांना वेळच उरला नाही. आमच्याकडे पौषातसुद्धा पंखा लागतो. स्वेटर घालणार कुठे, असं माझा नवरा दर आठवड्याला विचारायचा आणि वन्स दर आठवड्याला सांगायच्या, "ता मगे बघूया, आधी पुरो जावंदे." स्वेटर पुरा झाला. तो वाया जाऊ नये म्हणून वन्सनी एका रविवारी आम्हा सगळ्यांना एसटीत घालून आंबोलीला नेलं. तिथं भर दुपारी धुकं होतं, थंडीही होती, पण पाऊस असा कोसळत होता की स्वेटर भिजून माझ्या नवऱ्याच्या गुडघ्यापर्यंत आला. वन्सनी त्याला चहाच्या टपरीसमोर उभं करून चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "बघ, आता बसलो बरोबर."

त्यांची दुसरी खोड भाषेची. घरात त्या आमच्यासारख्याच मालवणी बोलत. पण राग आला की थेट कार्यालयीन मराठीत शिरत, आणि जितका राग जास्त तितकी भाषा शुद्ध. मांजरानं बांगडे पळवले तर सौम्य रागात "मेल्या मांजरा" एवढ्यावर भागे, पण तेच मांजर दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं, तेव्हा वन्स चुलीजवळ ताठ उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "सदर मांजराबाबत तातडीने उचित कार्यवाही करण्यात यावी." मांजराला काय कळलं कोण जाणे, ते गेलं. एकतिसाव्या वर्षी त्या सायकल शिकल्या, तेव्हा उतारावरून ब्रेक न लागता शेजाऱ्यांच्या भाताच्या चोंढ्यात गेल्या. शेतवाला धावत आला. चिखलानं माखलेल्या वन्स उठल्या, सायकल उभी केली आणि म्हणाल्या, "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. उद्या परत येणार आहे." आणि खरोखरच सलग सहा दिवस त्या त्याच शेतात जाऊन पडल्या. सातव्या दिवशी वळल्या. शेतवाल्यालाच चुकल्याचुकल्यासारखं झालं म्हणतात.

ही भाषा त्यांना नोकरीनं दिली होती, आणि नोकरी त्यांना नवऱ्याच्या मरणानं दिली होती. लग्नानंतर दोन वर्षांत वन्सचे यजमान तापानं गेले. ते ओरोसच्या एका सरकारी कार्यालयात कारकून होते. त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर वन्सना घेतलं, आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी त्या माहेरी राहून रोज कसालहून ओरोसला जाऊ लागल्या. आवक-जावक विभागात टेबल मिळालं. आलेल्या पत्रावर आवक क्रमांक घालायचा, ते साहेबांकडे पाठवायचं. ते परत आलं की जावक क्रमांक घालायचा आणि पाठवून द्यायचं. काम वाईट नव्हतं, माणसं वाईट नव्हती, खिडकीतून वाराही येत असे. पण वन्सचा स्वभाव गोष्टी पुऱ्या करण्याचा, आणि इथे कुठलीच गोष्ट त्यांच्या हातून पुरी होत नव्हती. "कागद येतत, कागद जातत," त्या एकदा मला म्हणाल्या, "खंयसून इले, खंय गेले, तेंचा म्होरं काय झाला, माका कायएक कळणा नाय. बावीस वर्षां कागद फिरतत नि मी थंयच." त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर एक पाल होती, तिलाही त्यांनी क्रमांक देऊन टाकला होता. घरी लोणच्याच्या बरण्यांवर 'आ/१', 'आ/२' अशा चिठ्ठ्या दिसू लागल्या तेव्हा मला जरा काळजी वाटली. रविवारी दुपारी चार वाजले की वन्स बोलेनाशा होत, कारण सोमवार सुरू झाला असं त्यांना तेव्हापासूनच वाटे.

कंटाळा आला म्हणून उठून राजीनामा देणाऱ्यांपैकी वन्स नव्हेत. कंटाळ्यावरचे सगळे उपाय त्यांनी आधी पुरते करून पाहिले. कोणी म्हणालं, टेबलावर झाड ठेवा. त्यांनी इतकी झाडं ठेवली की साहेबांना वन्स दिसेनाशा झाल्या. कोणी म्हणालं, योगासनं करा. वन्स जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डरूममध्ये चटई टाकून शवासन करत, आणि एक नवा शिपाई त्यांना तशा पाहून ओरडत बाहेर पळाला. कोणी म्हणालं, विभाग बदलून घ्या. त्यांनी अर्ज केला, त्या अर्जावर स्वतःच्याच हातानं आवक क्रमांक घातला, आणि तीन महिन्यांनी 'विनंती मान्य करता येत नाही' असं उत्तर आलं त्यावर जावक क्रमांकही स्वतःच्याच हातानं घातला. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं, "बघ वैनी, एवढो एकच कागद माका पुरो वाचूक मिळालो."

अशात आमच्या माडांचा प्रश्न उभा राहिला. आमच्या आवारात बावीस माड आहेत आणि ते नारळ काढायला वर्षानुवर्षं एकच पाडेली येत असे. तो म्हातारा झाला, गुडघे गेले, त्याची मुलं बाहेरगावी. दुसऱ्या पाडेल्यांना फोन केला की प्रत्येक जण "फाल्यां येतंय" म्हणे, आणि तो उद्या काही उगवत नसे. नारळ पिकून आपोआप पडू लागले. एक कौलांवर पडला, एक माझ्या नवऱ्याच्या स्कूटरवर, आणि एक सासऱ्यांपासून दीड हातावर. आमचे सासरे निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांनी फक्त पेपर खाली केला, नारळाकडे पाहिलं आणि पेपर परत वर घेतला. पण वन्स ते पाहत होत्या. पुढच्याच आठवड्यात कार्यालयाच्या टपालात एक परिपत्रक आलं: यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे सहा दिवसांचे प्रशिक्षण, महिलांनाही प्रवेश, वयोमर्यादा पंचेचाळीस वर्षे. वन्सना पंचेचाळीस पुरी व्हायला तीन आठवडे होते. त्यांनी परिपत्रकावर आवक क्रमांक घातला, ते साहेबांकडे पाठवलं आणि लगेच रजेचा अर्ज लिहायला घेतला.

घरी त्यांनी सांगितलं, "प्रशिक्षण आसा, सा दिवस." ते खोटं नव्हतं. सासऱ्यांना वाटलं संगणकाचं असेल. सहा दिवसांनी वन्स परत आल्या त्या दोन्ही कोपरं सोललेली, पोटऱ्या काळ्यानिळ्या आणि चेहरा असा की मला क्षणभर ओळखूच येईना. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना शिट्टी वाजवताना ऐकलं. चादरीत गुंडाळून त्यांनी लोखंडाचं काहीतरी आणलं होतं. दोन चौकटी, दोन पायांसाठी दोन, आणि प्रत्येकीला माडाभोवती घालायची जाड तार. एका पायावर भार द्यायचा, दुसरी चौकट वर सरकवायची. मग त्या पायावर भार द्यायचा, पहिली वर सरकवायची. "चालण्यासारख्याच ता," वन्स म्हणाल्या, "खाली माती नसता, एवढाच." मला त्यांनी शपथ घातली आणि मी, जिनं सासरी येताना सगळ्यात जास्त धास्ती या बाईची घेतली होती, ती त्यांची साथीदार झाले. वन्सनी रजा आणखी आठवडाभर वाढवून घेतली. सासरे दुपारी जेवून आडवे झाले की वन्स माझ्या नवऱ्याची जुनी पँट आणि पुऱ्या बाह्यांचा शर्ट चढवून मागच्या माडाशी जात आणि मी खाली उभी राहून खबर देत असे, बाबांनी कूस बदलली, बाबा घोरतात, बाबा थांबले. पहिल्या दिवशी आठ फूट. चौथ्या दिवशी अर्धा माड. दुसऱ्या रविवारी त्या पार शेंड्याला पोचल्या आणि झावळ्यांत दिसेनाशा झाल्या. मी खालून हाका मारते आहे आणि वरून काही उत्तर नाही. शेवटी अगदी हलका आवाज आला, "गप गो जरा. बघतंय." आणि मग, इतक्या वर पोचून हात हलवत परत येणं काही त्यांच्यानं झालं नाही म्हणून, त्यांनी कोयता चालवला. नारळांची अख्खी पेंड धाडकन खाली आली.

सासरे पडवीत आले. त्यांनी पेंड पाहिली, मला पाहिलं, मग मान वर केली. वन्स चौकटी सरकवत उतरू लागल्या. त्या खाली आल्या तेव्हा पँटच्या पायाला लागलेली धूळ झटकत होत्या, आणि हसत होत्या. "ह्या तुझा प्रशिक्षण?" सासऱ्यांनी विचारलं. वन्स म्हणाल्या, "होय." मग सासरे जे बोलले ते मला माझ्या लग्नाच्या इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. "माझो बापूस पाडेली होतो. लोकांचे माड चडान चडान तेच्या छातयेची साल गेली, तेवा माका शाळेत घातल्यान. तेनी माका माडावयल्यान खाली उतरयल्यान, नि तू परत वयर चडतंस?" वन्सनी कोयता खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आज्यान तुमका शाळेत घातल्यान, कारण तुमका शाळा आवडा होती. माका ऑफिस आवडणा नाय." सासरे आत गेले आणि त्या दिवसापासून त्यांनी लेकीशी बोलणं टाकलं.

वन्सनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. साहेबांनी त्यांना बोलावून समोर बसवलं. बावीस वर्षांत त्या केबिनमध्ये त्या पहिल्यांदाच बसत होत्या. साहेब चांगले होते, काळजीनं म्हणाले, "मॅडम, घरी काही अडचण आहे का?" वन्स म्हणाल्या, "नाही साहेब. अडचण कार्यालयात आहे. घरी माड आहेत." साहेबांनी विचार करायला महिनाभर मुदत दिली. महिन्यानं वन्स पुन्हा गेल्या, विचार केला आहे म्हणाल्या. निरोपसमारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला. तो हलवून, कानाशी धरून त्यांनी सर्वांसमक्ष सांगितलं की यात पाणी कमी आहे, वेळेवर काढला नाही.

त्याच आठवड्यात विहिरीवर कपडे धुताना मी त्यांना सरळ विचारलं. लोक काय म्हणतील, बाबा बोलत नाहीत, पन्नाशी जवळ आली, पडलात तर? एवढ्या हट्टाचं कारण काय? त्यांनी चादर पिळून दगडावर ठेवली. "ह्यांका पण थंय कंटाळो येय," गेलेल्या यजमानांबद्दल त्या म्हणाल्या. "लाकडाचा काम हातात होता तेंच्या. आपल्या घरातलो देव्हारो बघलंस ना, तो तेंनी केललो. माका दोनदा म्हणाले, सोडतंय नोकरी, सुतारकाम करतंय. मी म्हटलंय, सरकारी नोकरी कोण सोडता? येडे झालास? मगे तिसऱ्या वेळेक ते म्हणूकच नाय. गप रवले. आनी गेले." विहिरीत बादली सोडून त्या दोरीकडे पाहत राहिल्या. "तेंच्या खुर्चेत मी बावीस वर्षां बसलंय, वैनी. रोज तिकडे जाऊन माका माझाच बोलणा आयकाक येय." आम्ही दोघींनी मिळून उरलेले कपडे धुतले.

नोकरी सुटली, यंत्र होतं, हात बसला होता; पण बोलावणं येईना. माडांचे मालक तर पाडेल्यांच्या नावानं ओरडत होते, पण वन्सना सांगायला कोणी धजेना. "मॅडम आमच्या माडार चडतल्या? बरा दिसता काय ता?" एकानं तर सरळ सांगितलं की तुम्ही वर आणि आम्ही गडीमाणसं खाली मान वर करून उभी, हे शोभत नाही. वन्सनी त्याला "मान खाली घालून उभं राहण्यास कार्यालयाची हरकत नाही" असं उत्तर दिलं, पण घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. दोन महिने त्या रोज सकाळी पँट-शर्ट घालून तयार होत आणि आमच्याच बावीस माडांवर आळीपाळीनं चढून उतरत. माडांवर काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, एखाद्या दिवशी नका चढू. त्या म्हणाल्या, "नोकरी सोडलंय ती घराक बसाक नाय."

पहिलं बोलावणं मालवणजवळच्या एका वाडीतून आलं, अगदी समुद्राकाठच्या. तिथं एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षिका एकट्या राहत. सगळी वाडी त्यांना टीचर म्हणे. घरामागे अकरा जुने, उंच माड. वन्सना पाहून गल्लीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या, पण टीचरनी खुर्ची आणून माडांपासून बेतानं लांब ठेवली, छत्री उघडली आणि बसल्या. वन्स संकोचून काही म्हणायला गेल्या तशा टीचर म्हणाल्या, "मॅडम तू ऑफिसात. हंय माका नारळ व्हये. चड बघया." वन्स चढल्या. एक, दोन, तीन. अकराही माडांचे नारळ संध्याकाळपर्यंत उतरले. शेवटी टीचरनी त्यांना पाव आणि चहा दिला आणि उभ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चाळीस वर्सां पोरांक शिकयलंय, पण एवढा नीट काम करणारा पोर माका एक गावूक नाय." त्यानंतर त्या वाडीतली सात घरं झाली, मग शेजारची वाडी.

आणि मग एका शुक्रवारी, मी सोबत गेले असताना, वन्स अडकल्या. वाडीतलाच एक जुना माड होता, जुन्या पाडेल्यांनी पाय ठेवायला बुंध्यात खाचा पाडलेल्या. उतरताना डाव्या चौकटीची तार चाळीस फुटांवर एका खाचेत रुतली, ती निघेना. वन्सनी ओढली, ती आणखी बसली. कमरेला बांधलेला पट्टा होता, त्यामुळे पडण्याची भीती नव्हती, पण खालीही येता येईना, वरही जाता येईना. अर्ध्या तासात सगळी वाडी जमली. कोणी म्हणे शिडी आणा, कोणी म्हणे दोरी टाका, कोणी म्हणे कोणालातरी वर चढवा. एक म्हातारा वैतागून म्हणाला, "कोणाक चडयतलास? चडणारी तीच एक, ती आधीच वयर आसा." वरून वन्सचा आवाज आला, संपूर्ण शुद्ध: "माडाखाली अनधिकृत व्यक्तींनी गर्दी करू नये! सर्व संबंधितांनी पंधरा फूट अंतरावर उभे राहावे!" ती भाषा या वेळी रागाची नव्हती. त्या किती घाबरल्या आहेत हे तिथं फक्त मला कळत होतं. मी नवऱ्याला फोन केला. तो दुकान टाकून निघाला, आणि पाऊण तासानं स्कूटर आली तेव्हा मागच्या सीटवर, हातात छत्री धरून, आमचे सासरे बसले होते.

गर्दीतून वाट काढत ते बुंध्याशी गेले, तळवा टेकवला, डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. पाच महिन्यांत त्यांनी लेकीला उद्देशून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. "ओढू नको ती तार. ओढलंस तर आणखी रुतात." वरची धडपड थांबली. "उजव्या पायार भार घे. सगळो. घेतलंस? आता डावो पाय हलको कर नि चौकट वयर उचल." वरून वन्स म्हणाल्या, "वयर? माका खाली येवचा आसा!" सासरे वर्गात ओरडत तसे ओरडले, "सांगतंय ता आयक! खाच वयल्या बाजून उघडी आसता. आधी वयर, मगे खाली!" तार खाचेतून सुटल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. वाडीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. वन्स एकेक पाऊल खाली येईपर्यंत सासरे बुंध्यावरचा तळवा न काढता तसेच उभे होते, आणि वन्सचे पाय जमिनीला लागताच छत्री उचलून स्कूटरपाशी जाऊन थांबले. घरी आल्यावर पुन्हा अबोला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी, पेपर तोंडापुढून न काढता, त्यांनी विचारलं, "त्या टीचरच्या माडांका उंदीर लागलेत काय?"

"दोनांका," वन्स म्हणाल्या.

"बुंध्याक पत्रो मार."

"मारतंय."

समेट म्हणतात तो आमच्या घरी एवढाच झाला. आता रोज संध्याकाळी सासरे विचारतात, किती माड झाले, माड पोखरणारा भोंगा कुठे दिसला, कोणाच्या माडांना खत नाही. आणि वन्स ओळीनं सांगतात. कामाची रीत मात्र त्यांनी बदलली नाही. माडावर चढण्याआधी त्या मालकाला माडाची माहिती विचारतात, वय, शेवटची काढणी, काही तक्रार, आणि ते वहीत लिहितात. नारळ खाली सोडण्याआधी तीनदा सूचना देतात. एका गृहस्थानं, फक्त खालचे चार नारळ काढा, बाकीचे पुढच्या खेपेला, असं सांगितलं तेव्हा त्यांनी त्याला अर्ध्या कामाचे तोटे पंधरा मिनिटं माडावरूनच समजावले, आणि तो हात जोडून आत गेला. गावातली मुलं आधी त्यांना मॅडम म्हणत. आता 'माडम' म्हणतात. वन्सना ते मनापासून आवडतं, पण तसं त्या दाखवत नाहीत. त्यांच्या हाताखाली तीन बायका तयार झाल्या. त्यातली एक बँकेत होती. ती पहिल्या दिवशी म्हणाली, मॅडम, मला फक्त बदल हवा आहे. वन्स म्हणाल्या, "बदल होयो तर पडदे बदल. हंय हात सोलपाटतले." ती राहिली.

गुडघे मात्र आता दुखतात. फार उंच माड वन्स शिकवलेल्या बायकांना देतात आणि स्वतः खाली उभ्या राहून पंधरा फुटांचा नियम पाळायला लावतात. शिवाय नवीन लावणी सगळी ठेंगू जातीची. जमिनीवर उभं राहून नारळ तोडता येतात. आणखी काही वर्षांनी माडावर चढायला कोण बोलावणार, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "नाय बोलवले तर आणि कायतरी बघूया. एकदा बदललंय, हात मोडूक नाय."

गेल्या चैत्रात टीचर मुलाकडे मडगावला राहायला गेल्या. एकट्यानं होईना. घराला कुलूप लागलं. जायच्या दिवशी त्यांनी वन्सना विचारलं, "माझे माड आता कोण बघतलो?" वन्स म्हणाल्या, "कुलूप घराक आसा, माडांका नाय." दर दोन-अडीच महिन्यांनी आम्ही दोघी तिथं जातो. नारळ काढून गोणी भरतो आणि मडगावला जाणाऱ्या एसटीत ठेवून देतो. ते अकरा माड उंच असले तरी वन्स दुसऱ्या कोणाला चढू देत नाहीत. शेवटच्या माडाच्या शेंड्याला पोचल्या की त्या खिशातून मोबाइल काढून टीचरना फोन लावतात. त्या माडावरून सगळा समुद्र दिसतो आणि वारा थेट तिकडूनच येतो. "टीचर, आयकतास?" एवढंच म्हणून त्या मोबाइल झावळ्यांच्या बाहेर धरतात. टीचर चौथ्या मजल्यावर राहतात, तिथं खिडकीतून समोरची इमारत दिसते असं त्यांनीच सांगितलं होतं. खालून मला वन्सचं बाकी काही दिसत नाही, झावळ्यांतून बाहेर आलेला तो सोललेल्या कोपराचा हात तेवढा दिसतो. पाच-सात मिनिटं तो तसाच असतो. नारळ गोळा करायचे सोडून मीही कुलूप लावलेल्या दाराच्या पायरीवर बसून राहते.